नॉर्डिक देशांतील मानव–हिंस्र वन्यप्राणी संघर्ष : झळ, भरपाई आणि निर्णयाधिकार

सारांश :

स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, डेन्मार्क व आइसलँड हे पाच देश नॉर्डिक देश म्हणून ओळखले जातात. सुबत्ता, सक्षम प्रशासन, विरळ लोकवस्ती व विस्तीर्ण जंगले ही यांपैकी बहुतेक देशांची वैशिष्ट्ये आहेत. असे असूनही लांडगा, अस्वल, लिंक्स व वुल्व्हरिन या हिंस्र प्राण्यांच्या प्रश्नावर तेथे गेली चार दशके तीव्र वाद सुरू आहे. प्रस्तुत लेखात या संघर्षाचा इतिहास, त्याची झळ सोसणारे समाजघटक, नुकसानभरपाईच्या पद्धती व निर्णयप्रक्रिया यांचे विवेचन केले आहे. संघर्षाची तीव्रता प्राण्यांच्या संख्येवर किंवा मानवी जीविताला असलेल्या धोक्यावर जितकी अवलंबून आहे, त्याहून अधिक ती झळ कोण सोसतो व निर्णय कोण घेतो यांवर अवलंबून आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : नॉर्डिक देश, लांडगा, वुल्व्हरिन, सामी, रेनडियरपालन, नुकसानभरपाई, अवैध शिकार.

१. प्रस्तावना :

मानव व वन्यप्राणी यांच्यातील संघर्षाचा विचार करताना वाढती लोकसंख्या, जंगलतोड व दारिद्र्य ही कारणे प्रामुख्याने सांगितली जातात. विकसनशील देशांच्या संदर्भात ती बहुतांशी योग्यही आहेत. तथापि ज्या देशांत लोकसंख्येची घनता अत्यल्प आहे, जंगलाखालील क्षेत्र मोठे आहे आणि शासनाकडे पैशाची उणीव नाही, तेथेही हा संघर्ष मिटत नसेल, तर त्याची कारणे अन्यत्र शोधावी लागतात. या दृष्टीने नॉर्डिक देशांचा अनुभव अभ्यासनीय ठरतो. स्वीडन, नॉर्वे व फिनलंड या तिन्ही देशांत दर चौरस किलोमीटरला सरासरी २५ च्या आसपास किंवा त्याहून कमी माणसे राहतात. स्वीडनचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग जंगलाने व्यापलेला आहे. म्हणजेच जागेची टंचाई हे तेथील संघर्षाचे मूळ कारण नव्हे.

२. लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) नॉर्डिक देशांतील हिंस्र प्राण्यांच्या निर्मूलनाचा व पुनरागमनाचा आढावा घेणे.
(२) या पुनरागमनाची झळ सोसणाऱ्या समाजघटकांची स्थिती स्पष्ट करणे.
(३) नॉर्वे व स्वीडन येथील नुकसानभरपाईच्या भिन्न पद्धतींची तुलना करणे.
(४) निर्णयप्रक्रियेचा संघर्षावर होणारा परिणाम तपासणे.

लेखात मुख्यतः स्वीडन, नॉर्वे व फिनलंड या तीन देशांचा विचार केला आहे. डेन्मार्कमध्ये लांडगा अलीकडेच परतला आहे, तर आइसलँडमध्ये मोठ्या हिंस्र प्राण्यांची स्थानिक वस्तीच नाही. म्हणून या दोन देशांचा उल्लेख आवश्यक तेथेच केला आहे. चार प्राण्यांपैकी लिंक्स व वुल्व्हरिन हे मराठी वाचकाला अपरिचित आहेत. लिंक्स हा मार्जार कुळातील, आखूड शेपटीचा व कानांवर केसांचे झुबके असलेला मध्यम आकाराचा प्राणी होय. वुल्व्हरिन हा पाणमांजराच्या कुळातील, दणकट बांध्याचा व बर्फाळ डोंगराळ प्रदेशात राहणारा प्राणी असून स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या रेनडियरला तो मारू शकतो.

३. निर्मूलनाचे धोरण : ऐतिहासिक पार्श्वभूमी

उत्तर युरोपातील शेतकऱ्याच्या दृष्टीने लांडगा हा शतकानुशतके शत्रूच होता. स्वीडनमध्ये लांडग्यांचा हाका करण्याच्या कामी गावकऱ्यांनी सहभागी होणे हे एकेकाळी कायदेशीर कर्तव्य मानले जात असे. नॉर्वेत १८४५ मध्ये हिंस्र प्राण्यांच्या निर्मूलनाचा व इतर शिकारयोग्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. त्यानुसार अस्वल, लांडगा, लिंक्स व वुल्व्हरिन यांना मारणाऱ्यास शासकीय बक्षीस दिले जाऊ लागले. कायद्याच्या नावातच ‘निर्मूलन’ हा शब्द होता, यावरून तत्कालीन शासनाची भूमिका स्पष्ट होते.

या भूमिकेमागे केवळ अज्ञान होते, असे म्हणता येणार नाही. स्वीडनमधील यिसिंगे परिसरात १८२०-२१ च्या हिवाळ्यात एका लांडग्याच्या हल्ल्यांत १२ जणांचा बळी गेला. त्यांत बहुसंख्य मुले होती. हा लांडगा पिल्लू असताना माणसांनी पाळलेला व नंतर निसटलेला होता, असे मानले जाते. फिनलंडमधील तुर्कू परिसरात १८८०-८१ या काळात लांडग्यांनी २२ मुलांचा बळी घेतला. गुरे राखण्याचे काम मुलांकडे असलेल्या त्या काळातील ग्रामीण समाजाच्या स्मृतीत या घटना खोलवर रुजल्या.

बक्षिसाच्या धोरणाचा परिणाम जलद झाला. स्वीडनमध्ये १९३० च्या सुमारास केवळ १३० च्या आसपास अस्वले उरली होती. लांडगा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कँडिनेव्हियातून जवळजवळ नाहीसा झाला. डेन्मार्कमध्ये तर शेवटचा लांडगा १८१३ मध्येच मारला गेला होता. प्राणी नाहीसे झाले, तसे त्यांच्यापासून जनावरे राखण्याचे ज्ञानही ग्रामीण समाजातून लोप पावले. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

४. संरक्षण व पुनरागमन :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शासकीय धोरण उलट दिशेने वळले. स्वीडनने १९६६ मध्ये लांडग्याला व १९६९ मध्ये वुल्व्हरिनला कायदेशीर संरक्षण दिले. नॉर्वेनेही १९७० च्या दशकात याच मार्गाचा अवलंब केला. युरोपातील वन्यजीव व नैसर्गिक अधिवासांच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये झालेल्या बर्न करारात हे देश सामील झाले. स्वीडन व फिनलंड १९९५ मध्ये युरोपीय संघाचे सदस्य झाल्यानंतर संघाचा अधिवासविषयक कायदा त्यांना बंधनकारक ठरला. नॉर्वे मात्र संघाबाहेर असल्याने त्याच्यावर केवळ बर्न कराराचे बंधन आहे.

लांडग्याचे पुनरागमन हा या काळातील सर्वाधिक गाजलेला विषय होय. १९८३ मध्ये स्वीडनच्या व्हर्मलँड प्रांतात, नॉर्वेच्या सीमेजवळ, एका जोडीला पिल्ले झाली. ही जोडी फिनलंड–रशियाकडील लांडग्यांच्या वंशाची होती, हे पुढे जनुकीय अभ्यासातून सिद्ध झाले. १९९० पर्यंत या लांडग्यांची संख्या दहाच्या पुढे गेली नाही. १९९१ मध्ये पूर्वेकडून आलेल्या आणखी एका नराचा वंशविस्तारात समावेश झाला आणि त्यानंतर संख्या झपाट्याने वाढली. २०२२-२३ च्या हिवाळ्यात एकट्या स्वीडनमध्ये सुमारे ४५० लांडगे असल्याचा अंदाज होता. पुढील दोन वर्षांत तो अनुक्रमे सुमारे ३७५ व ३५५ वर आला. फिनलंडमध्ये मार्च २०२५ मध्ये सुमारे ४३० लांडगे असल्याचा अंदाज व्यक्त झाला. डेन्मार्कमध्ये जवळजवळ दोनशे वर्षांनंतर, २०१२ मध्ये, लांडग्याच्या अस्तित्वाचा पुरावा मिळाला व २०१७ मध्ये तेथे पिल्लेही जन्मली. स्वीडनमधील अस्वलांची संख्याही २००८ च्या सुमारास ३,३०० च्या आसपास पोहोचली होती.

निसर्गसंरक्षणाच्या दृष्टीने हे निश्चितच यश होय. परंतु हे यश ज्या भूमीवर घडले, तेथील रहिवाशांनी ते मागितले नव्हते, ही संघर्षाची पहिली बाजू होय.

५. भीती व वस्तुस्थिती :

संघर्षाची तीव्रता जीविताच्या धोक्यावर अवलंबून असती, तर लांडग्याविषयीचा वाद केव्हाच शमला असता. एकोणिसाव्या शतकातील उपरोक्त घटनांनंतर नॉर्डिक देशांत मुक्त वावरणाऱ्या लांडग्याने माणसाचा बळी घेतल्याची नोंद नाही. अस्वलाच्या बाबतीत धोका अधिक आहे. फिनलंडमध्ये १९९८ मध्ये धावण्याच्या व्यायामासाठी बाहेर पडलेल्या एका व्यक्तीचा, तर स्वीडनमध्ये २००४ व २००७ मध्ये शिकारीस गेलेल्या व्यक्तींचा अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. स्वीडन व नॉर्वे येथील १९७७ ते २०१६ या काळातील घटनांचा अभ्यास केला असता ४२ प्रसंगी अस्वलाने माणसाला इजा केल्याचे आढळले. त्यांपैकी ३३ जण शस्त्रधारी शिकारी होते आणि त्यांतील बहुतेकांनी अस्वलावर जवळून गोळी झाडलेली होती. तरीही राजकीय व्यासपीठावर अस्वलापेक्षा लांडग्याविषयीच अधिक वाद होतो.

याउलट उदाहरण नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार द्वीपसमूहाचे आहे. तेथील ध्रुवीय अस्वल माणसाच्या दृष्टीने खरोखरच धोकादायक आहे. १९७१ पासून २०२० पर्यंत तेथे सहा जणांचा त्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तथापि १९७३ पासून ते संरक्षित असून त्याच्या निर्मूलनाची मागणी तेथे जोर धरत नाही. वस्तीबाहेर जाणाऱ्याने अस्वलाला पिटाळण्याचे साधन जवळ बाळगले पाहिजे, असा नियम आहे. जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, तर मार्च ते जून या काळात ५०० मीटर अंतर राखणे बंधनकारक केले आहे. म्हणजे काळजी घेण्याची जबाबदारी माणसावर टाकलेली आहे आणि ती तेथील समाजाने स्वीकारली आहे. यामागील एक कारण असे की, स्वालबारवर मेंढपाळ नाहीत, रेनडियरपालक नाहीत आणि अस्वलामुळे कोणाची पिढीजात उपजीविका बुडत नाही. यावरून धोका व संघर्ष या दोन भिन्न गोष्टी असल्याचे स्पष्ट होते.

६. झळ सोसणारे समाजघटक :

६.१ नॉर्वेतील मेंढपाळ : नॉर्वेत दर उन्हाळ्यात सुमारे २० लाख मेंढ्या व कोकरे डोंगरांत व जंगलांत मोकाट चरावयास सोडली जातात. त्यांच्यासोबत बहुधा राखणदार नसतो. हिंस्र प्राणी नाहीसे झालेल्या काळात ही पद्धत सोयीची व किफायतशीर ठरली. मांसासाठी जोपासलेल्या तेथील जड जातीच्या मेंढ्या कळपाने न राहता विखरून चरतात. त्यामुळे राखणदार कुत्रा ठेवणे किंवा कुंपण घालणे हे उपाय तेथे अवघड ठरतात. प्राणी परतले, तेव्हा त्यांना अशी मोकळी शिकार उपलब्ध होती. शासनाने मेंढपाळांना पद्धत बदलण्यास सांगितले. परंतु पद्धत बदलणे म्हणजे अनेकांच्या दृष्टीने व्यवसाय सोडणेच होय. स्वीडनमध्ये मेंढ्या प्रामुख्याने कुंपणात चरतात. तेथे विद्युतभारित कुंपणासाठी अनुदान देऊन नुकसान बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवता आले. त्यामुळे लांडगे अधिक असूनही मेंढ्यांच्या प्रश्नाने स्वीडनमध्ये नॉर्वेइतके उग्र रूप धारण केले नाही.

६.२ सामी रेनडियरपालक : स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागातील सामी हा आदिवासी समाज होय. रेनडियरपालन हा त्यांच्या उपजीविकेचा व संस्कृतीचा कणा आहे. स्वीडनमध्ये हा व्यवसाय करण्याचा हक्क सामींनाच असून त्यांच्या ५१ ‘समेबी’ म्हणजे कायद्याने मान्य अशा प्रादेशिक संघटना आहेत. देशाचा सुमारे निम्मा भूभाग या चराईक्षेत्रात मोडतो. फिनलंडमध्ये मात्र बिगरसामी स्थानिक रहिवासीही रेनडियर पाळतात. वुल्व्हरिन, लिंक्स व अस्वल यांच्यामुळे रेनडियरांची हानी होते. लांडगा आल्यास संपूर्ण कळप दूरवर विखुरतो व हिवाळ्यात तो पुन्हा गोळा करणे जिकिरीचे होते. या कारणास्तव लांडग्यांनी रेनडियरक्षेत्रात कायम वस्ती करू नये, अशी स्वीडनच्या धोरणाची दिशा राहिली आहे.

येथे एक गंभीर पेच निर्माण होतो. स्कँडिनेव्हियातील लांडग्यांचा वंश मोजक्याच मूळ प्राण्यांपासून वाढल्याने त्यांच्यात अंतःप्रजनन मोठ्या प्रमाणावर आढळते व जगणाऱ्या पिल्लांची संख्या त्यामुळे घटते. नवे रक्त फिनलंड व रशियाकडूनच येऊ शकते आणि त्याचा मार्ग रेनडियरक्षेत्रातूनच जातो. एका आदिवासी समाजाची उपजीविका व एका दुर्मिळ प्राण्याचे जनुकीय आरोग्य या दोन्ही न्याय्य गोष्टी येथे परस्परांसमोर उभ्या ठाकतात.

६.३ ग्रामीण शिकारी : मूस या प्रचंड हरणाची शिकार हा ग्रामीण स्वीडन, नॉर्वे व फिनलंडमधील शरद ऋतूतील सामुदायिक उपक्रम होय. त्यातून घरात वर्षभराचे मांस येते व गावातील नाती टिकतात. लांडग्यांचा एक कळप वर्षाला शंभराहून अधिक मूस मारतो. त्यामुळे त्या परिसरातील शिकाऱ्यांच्या वाट्याला येणारे प्राणी कमी होतात. शिवाय मोकळे सोडलेले शिकारी कुत्रे लांडग्यांकडून मारले जातात. कुत्रा हा शिकाऱ्याच्या कुटुंबाचा घटक असतो. त्याची भरपाई पैशाने होऊ शकत नाही.

७. नुकसानभरपाईच्या दोन पद्धती :

नॉर्वेत नुकसान झाल्यानंतर भरपाई दिली जाते. मृत जनावर सापडल्यास शासकीय निसर्ग निरीक्षण यंत्रणेचे कर्मचारी त्याची पाहणी करतात. आपल्याकडील पंचनाम्याशी या पद्धतीचे साम्य आहे. अडचण अशी की, विस्तीर्ण डोंगररानात बहुतेक मृत मेंढ्या सापडतच नाहीत किंवा सापडेपर्यंत मृत्यूचे कारण ओळखता येत नाही. दावे मोठ्या संख्येने व पुरावे मोजके, अशी स्थिती निर्माण होते. अधिकाऱ्याला दावा फुगवलेला वाटतो आणि मेंढपाळाला आपल्यावर खोटेपणाचा संशय घेतला जात आहे, असे वाटते. भरपाईची रक्कम मिळाली तरी उभय पक्षांतील अविश्वास वाढतो. शिवाय या पद्धतीत जिवंत हिंस्र प्राण्याला काहीच मोल नसते. मोल असते ते त्याने मारलेल्या मेंढीला.

स्वीडनने रेनडियरपालकांसाठी १९९६ मध्ये वेगळी पद्धत स्वीकारली. त्यानुसार मृत रेनडियर मोजण्याऐवजी समेबीच्या क्षेत्रात त्या वर्षी वुल्व्हरिन व लिंक्स यांना किती ठिकाणी पिल्ले झाली, हे मोजले जाते. प्रत्येक नोंदलेल्या प्रजननामागे सुमारे २ लाख स्वीडिश क्रोनर या दराने निधी ठरवून सामी संसदेमार्फत तो समेबींना दिला जाऊ लागला. या पद्धतीचे तीन परिणाम संभवतात. एक, मृत रेनडियर शोधण्याची व सिद्ध करण्याची गरज उरत नाही. दोन, नुकसान टाळणाऱ्या पालकाचा तोटा होत नाही. कारण रेनडियर वाचले तरी रक्कम तीच राहते. तीन, पिल्ले असलेली मादी जिवंत राहण्यात समेबीचे आर्थिक हित निर्माण होते. वुल्व्हरिनच्या बाबतीत या पद्धतीचा लाभ ठळकपणे दिसून आला. सुमारे दशकभराच्या काळात स्वीडनमधील वुल्व्हरिनच्या नोंदलेल्या प्रजननांची संख्या दुपटीहून अधिक झाल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे.

तथापि ही पद्धत निर्दोष नाही. ठरावीक दराने मिळणारी रक्कम प्रत्यक्ष हानीची पूर्ण भरपाई करीत नाही, अशी सामींची तक्रार आहे. त्यांच्या दृष्टीने रेनडियर ही केवळ विकण्याची वस्तू नसून वारशाने आलेले धन आहे. २०१३ मध्ये स्वीडिश संसदेने हिंस्र प्राण्यांमुळे होणारी हानी कळपाच्या कमाल १० टक्क्यांपर्यंतच सहन केली जावी, अशी मर्यादा निश्चित केली. दहा टक्के हानी ‘सहनीय’ ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यातूनच उपस्थित होतो.

८. निर्णयाधिकाराचा प्रश्न :

स्वीडनमध्ये २०१० मध्ये ४५ वर्षांनंतर प्रथमच लांडग्यांची परवाना-शिकार झाली. २७ लांडग्यांची मर्यादा ठरवली होती. प्रत्यक्षात २८ मारले गेले. शासनाचा युक्तिवाद असा होता की, मर्यादित शिकारीस परवानगी दिल्यास ग्रामीण भागाचा विश्वास वाढेल व अवैध शिकार घटेल. जानेवारी २०११ मध्ये युरोपीय आयोगाने स्वीडनविरुद्ध कारवाई सुरू केली. त्यानंतर २०१३ व २०१४ मध्ये स्वीडिश न्यायालयांच्या आदेशांमुळे परवाना-शिकार थांबली. फिनलंडच्या संदर्भात युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये असा निर्णय दिला की, शिकारीस परवानगी दिल्याने अवैध शिकार घटते, हे भक्कम शास्त्रीय पुराव्याने दाखवल्याखेरीज अशी सवलत देता येणार नाही.

नॉर्वेची रचना वेगळी आहे. तेथील संसदेने सर्वपक्षीय तडजोडीद्वारे प्रत्येक प्राण्याच्या वार्षिक प्रजननाचे उद्दिष्ट निश्चित केले आहे. लिंक्ससाठी ६५, वुल्व्हरिनसाठी ३९, अस्वलासाठी १३ व लांडग्यासाठी ४ ते ६ असे हे आकडे आहेत. लांडग्यांच्या प्रजननासाठी आग्नेय भागात स्वीडनच्या सीमेलगत, देशाच्या सुमारे ५ टक्के क्षेत्राचा स्वतंत्र पट्टा राखून ठेवला आहे. देशाचे आठ विभाग करून प्रत्येक विभागात लोकप्रतिनिधींची समिती नेमलेली आहे. निर्णय स्थानिक पातळीवर व्हावेत, हा त्यामागील हेतू होय. परंतु २०१६ मध्ये प्रादेशिक समित्यांनी ४७ लांडग्यांपर्यंत शिकारीस मान्यता दिली, तेव्हा कायद्याचा पुरेसा आधार नसल्याचे कारण देऊन पर्यावरण मंत्रालयाने त्यातील बहुतांश शिकार डिसेंबरमध्ये थांबवली. लांडग्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या दृष्टीने अधिकार दिला व तो वापरताच काढून घेतला, असा याचा अर्थ झाला. निसर्गप्रेमींच्या दृष्टीने मात्र कायद्याचे रक्षण झाले.

ओलवे क्रांगे व केटिल स्कोगेन या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञांनी या प्रश्नाच्या सामाजिक बाजूचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. लांडग्याचा विरोध हा ग्रामीण भागातील व्यापक असंतोषाशी निगडित आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. खेड्यातील शाळा, टपाल कार्यालये व रोजगार कमी होत असताना शहरातील सुशिक्षित वर्ग जंगलाकडे केवळ निसर्ग म्हणून पाहतो. खेड्यातील श्रमिकाला ते जंगल म्हणजे आपले काम, शिकार व ओळख वाटते. अशा स्थितीत लांडगा हा दूरच्या सत्तेचे प्रतीक बनतो.

या असंतोषाचा सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे अवैध शिकार होय. मारून पुरायचे व मौन पाळायचे, असे तिचे स्वरूप असल्याने ती क्वचितच उघड होते. स्कँडिनेव्हियातील लांडग्यांच्या सुमारे निम्म्या मृत्यूंना अवैध शिकार कारणीभूत असून त्यातील दोन तृतीयांशांहून अधिक प्रकरणे उघडकीसच येत नाहीत, असा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काढण्यात आला. त्याच अभ्यासानुसार २०००च्या दशकात अवैध शिकार झाली नसती, तर २००९ मध्ये २६३ ऐवजी सुमारे ९९० लांडगे असते. कायदा कितीही कडक असला, तरी गावाची संमती नसेल तर त्याची अंमलबजावणी जंगलात होत नाही, हे या आकड्यांवरून दिसून येते.

अलीकडे कायद्याचाच रोख बदलला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बर्न कराराच्या समितीने लांडग्याला ‘कडक संरक्षित’ ऐवजी ‘संरक्षित’ वर्गात टाकण्याचा निर्णय घेतला व तो मार्च २०२५ मध्ये अमलात आला. जून २०२५ मध्ये युरोपीय संघानेही आपल्या अधिवासविषयक कायद्यात तदनुरूप दुरुस्ती केली. यामुळे सदस्य देशांना शिकारीबाबत अधिक मोकळीक मिळाली. मात्र लांडग्यांची संख्या सुस्थितीत राखण्याचे बंधन कायम आहे. या मोकळिकीने ग्रामीण भागाचा विश्वास परत येतो की केवळ लांडगे कमी होतात, हा पुढील काळातील कळीचा मुद्दा ठरेल.

९. महाराष्ट्राशी असलेला दुवा :

नॉर्डिक देशांतील या अभ्यासाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आलेला आहे. तत्कालीन अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय यांनी केलेल्या बिबट्यांच्या अभ्यासात नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेतील जॉन लिनेल व नॉर्वेतीलच मॉर्टन ओडेन हे संशोधक सहभागी होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या शेतीप्रधान प्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. माणसांच्या इतक्या दाट वस्तीत मोठा हिंस्र प्राणी राहू शकतो, ही बाब नॉर्डिक संशोधकांच्याही दृष्टीने महत्त्वाची होती.

दोन्ही प्रदेशांची तुलना करताना सावधगिरी आवश्यक आहे. महाराष्ट्रात बिबट्याच्या हल्ल्यात माणसे, विशेषतः लहान मुले, मृत्युमुखी पडतात. तेथील भीतीला ‘प्रतीकात्मक’ म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि भरपाईची पद्धत व निर्णयातील सहभाग या दोन मुद्द्यांबाबत नॉर्डिक अनुभव येथेही विचारार्ह आहे. आपल्याकडेही पशुधनाची भरपाई पंचनाम्यावर अवलंबून असते आणि जनावराचा मृतदेह न सापडल्यास शेतकऱ्याची नॉर्वेतील मेंढपाळासारखीच अडचण होते.

१०. निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) विरळ लोकवस्ती व आर्थिक सुबत्ता यांमुळे मानव–हिंस्र प्राणी संघर्ष आपोआप मिटत नाही.
(२) जीविताचा धोका व संघर्षाची तीव्रता यांचे प्रमाण समान नसते. स्वालबारमधील ध्रुवीय अस्वल व मुख्य भूमीवरील लांडगा यांच्या तुलनेतून हे स्पष्ट होते.
(३) प्राणी नाहीसे झाल्यानंतरच्या काळात रुजलेल्या पशुपालनाच्या पद्धती प्राणी परतल्यावर अडचणीच्या ठरतात. पद्धत बदलण्याचा खर्च एकट्या पशुपालकावर टाकणे न्याय्य नाही.
(४) मृत जनावरावर आधारित भरपाईपेक्षा जिवंत हिंस्र प्राण्याच्या अस्तित्वावर आधारित मोबदला वुल्व्हरिनच्या संरक्षणास अधिक उपकारक ठरला. मात्र तो सांस्कृतिक हानी भरून काढू शकत नाही.
(५) स्थानिक समित्यांना दिलेला अधिकार वरिष्ठ पातळीवरून वारंवार फिरवला गेल्यास अधिकार न देण्यापेक्षाही अधिक अविश्वास निर्माण होतो.
(६) अवैध शिकारीचे प्रमाण हे स्थानिक असंमतीचे एक महत्त्वाचे निदर्शक होय.

११. समारोप :

नॉर्डिक देशांतील लांडगा हा आज कायद्याचा, राजकारणाचा व समाजशास्त्राचा विषय बनला आहे. स्टॉकहोम किंवा ओस्लो येथे राहणाऱ्या नागरिकाला लांडगा जंगलात असल्याचे समाधान मिळते. त्याची किंमत मात्र व्हर्मलँडचा शिकारी, हेडमार्कचा मेंढपाळ व उत्तरेकडील सामी कुटुंब मोजते. हे अंतर जोपर्यंत कमी होत नाही, तोपर्यंत संख्या वाढवण्याचा किंवा घटवण्याचा कोणताही निर्णय एका पक्षाला अन्यायकारकच वाटत राहील. म्हणून किती प्राणी असावेत, या प्रश्नाबरोबरच त्यांच्या अस्तित्वाची किंमत कोणी व किती वाटून घ्यावी, या प्रश्नालाही वन्यजीव धोरणात समान स्थान मिळणे आवश्यक आहे.